रायफल नेमबाजीतील डोक्याची स्थिती

रायफल नेमबाजीतील डोक्याची स्थिती म्हणजे नेम धरताना नेमबाजाचे डोके, मान व गाल यांची रायफलीच्या दस्त्याशी जुळलेली ठेवण होय. ही ठेवण सरळ, सैल आणि प्रत्येक गोळीच्या वेळी तीच असावी, अशी अपेक्षा असते. हात, कोपर, खांदा आणि पाय हे रायफलीला आधार देतात. डोके मात्र डोळ्याला आधार देते, आणि नेम डोळ्याने धरला जातो. त्यामुळे बाकी पवित्रा निर्दोष असूनही डोके किंचित पुढे, मागे किंवा बाजूला गेले, तर गोळी मध्यापासून दूर जाते. याविषयी प्रशिक्षणात सांगितले जाणारे मूळ सूत्र असे : रायफल डोक्याकडे आणावी, डोके रायफलीकडे नेऊ नये. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या सूत्राच्या उलट वागण्यातून होतात.

संज्ञा

जुन्या मराठीत बंदुकीच्या नळीच्या टोकावरील नेमाच्या खुणेला 'माशी' म्हणत. लाकडी भागाला दस्ता, तर गोळी सोडण्यासाठी ओढावयाच्या कळीला चाप किंवा घोडा म्हणतात. स्पर्धेच्या रायफलीत माशीच्या जागी बारीक वर्तुळ असलेली पुढची साइट असते आणि डोळ्याजवळ बारीक छिद्र असलेली मागची साइट असते. दस्त्याच्या ज्या भागावर गाल टेकतो त्याला 'गालटेक' हा शब्द चालू शकेल, तथापि महाराष्ट्रातील नेमबाजी केंद्रांत 'चीकपीस' हाच शब्द रुळला आहे. खांद्याला लागणाऱ्या भागास 'बटप्लेट' आणि दंडाला बांधावयाच्या पट्ट्यास 'स्लिंग' म्हणतात. या लेखात हेच रूढ शब्द वापरले आहेत.

कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. अशा बंदुकीला बहुधा पुढे माशी असते, पण मागे छिद्राची साइट नसते. तेथे मागच्या साइटचे काम नेम धरणाऱ्याचा डोळाच करतो. डोके दस्त्यावरून बोटभर वर उचलले गेले, तर मागची साइट बोटभर वर सरकवल्यासारखेच होते आणि गोळी सावजाच्या किंवा निशाणाच्या वरून जाते. स्पर्धेच्या रायफलीत मागची साइट असल्यामुळे ही चूक पुष्कळ कमी होते. पण नाहीशी होत नाही.

तोल व मान

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारणपणे साडेचार ते पाच किलो असते. १० मीटर एअर रायफलीचे कमाल अनुज्ञेय वजन साडेपाच किलो आहे. म्हणजे नेमबाज हातात जेवढे वजन पेलतो, जवळजवळ तेवढेच मानेवरही पेलत असतो. हे वजन मणक्याच्या रेषेत राहिले तर मानेच्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. ते पुढे झुकले की मानेच्या मागील स्नायूंना ते ओढून धरावे लागते. ताणलेला स्नायू स्थिर राहत नाही. तो बारीक थरथरतो, आणि ती थरथर गालातून दस्त्यात उतरते. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत पहिल्या वीस गोळ्यांना हे जाणवतही नाही, आणि शेवटच्या वीस गोळ्यांना त्याची किंमत मोजावी लागते. वर्षानुवर्षे वाकड्या मानेने सराव करणाऱ्या नेमबाजांना मानेचे दुखणे जडण्याचा धोका असतो, हे शालेय वयातील खेळाडूंच्या पालकांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे.

दुसरे कारण आंतरकर्णाचे आहे. कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांना लागून असलेली सूक्ष्म कणांची इंद्रिये शरीराला तोलाची जाणीव देतात. चालताना, बसताना, उभे राहताना डोके बहुतेक वेळ सरळ असते, म्हणून मेंदूला सरळ डोक्याकडून येणाऱ्या संकेतांची सवय असते. डोके खांद्याकडे कलते केले की कानांतून येणारे संकेत, मानेच्या स्नायूंकडून येणारी जाणीव आणि डोळ्यांना दिसणारे चित्र यांचा मेळ घालण्याचे जादा काम मेंदूवर पडते. उभ्याने नेम धरताना, जेथे तळपायांखेरीज जमिनीचा दुसरा आधार नसतो, तेथे शरीराचे डोलणे वाढण्यास एवढे कारण पुरे होते.

दृष्टी व साइट

डोळा खोबणीच्या मध्यातून सरळ पाहत असेल तेव्हा त्याला सर्वांत कमी श्रम होतात. डोके खाली घातले की नेमबाजाला भुवईखालून, आणि आत वळवले की नाकाच्या कडेने पाहावे लागते. डोळा फिरवणारे स्नायू अशाने लवकर थकतात, पाणी येते, पापणी अधिक लवते. चष्मा वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. साध्या चष्म्यातून नेम धरताना दृष्टी भिंगाच्या मध्याऐवजी आतल्या वरच्या कोपऱ्यातून जाते आणि चित्र विरूप दिसते. म्हणून नेमबाजीच्या खास चष्म्यात भिंग पुढे-मागे, वर-खाली आणि तिरके करता येते. मात्र डोके रोज एकाच ठिकाणी येत नसेल, तर अशा चष्म्याची जुळवणीही निरर्थक ठरते.

बरोबर नेमात तीन वर्तुळे एकात एक, समकेंद्री दिसतात : मागच्या साइटचे छिद्र, त्यात पुढच्या साइटचे वर्तुळ आणि त्यात निशाणाचा काळा गोल. यांपैकी शेवटच्या दोघांचा मेळ नेमबाज जाणीवपूर्वक घालतो, कारण लक्ष तेथेच असते. मागच्या छिद्राशी असलेला मेळ मात्र डोक्याच्या ठेवणीवर सोडलेला असतो. डोळा फार मागे गेला तर कडेचे प्रकाशाचे वलय आक्रसते आणि गडद होते. फार पुढे गेला तर वलय पसरट होते आणि छिद्राच्या मध्याचा अंदाज लागत नाही.

चूक किती महाग पडते याचा हिशेब समरूप त्रिकोणांच्या गणिताने करता येतो. दोन साइटमधील अंतर ८० सेंटिमीटर धरू. दृष्टिरेषा मागच्या छिद्राच्या मध्यापासून केवळ ०.१ मिलिमीटर ढळली, तर १० मीटरवर गोळी सुमारे १.२५ मिलिमीटर बाजूला लागते. एअर रायफलीच्या निशाणात लागोपाठच्या दोन वर्तुळांमध्ये २.५ मिलिमीटर अंतर असते. म्हणजे अर्धा गुण गेला. हीच चूक ५० मीटरवर ६.२५ मिलिमीटरची होते आणि तेथील ८ मिलिमीटर अंतराच्या वर्तुळांत पाऊण गुणाहून थोडी अधिक पडते. एअर रायफलीच्या निशाणावरील दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो आणि अंतिम फेरीत एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. पदके दशांशांत ठरणाऱ्या खेळात अर्धा गुण ही लहान गोष्ट नव्हे. पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. चाळीसही गोळ्या दहाच्या वर्तुळात गेल्या, याचा अर्थ चाळीस वेळा डोळा जवळजवळ त्याच बिंदूवर परत आला.

गालाचा दाब

गाल चीकपीसवर टेकवायचा, दाबायचा नाही. डोक्याचे वजन आपोआप जेवढे उतरेल तेवढेच उतरू द्यावे, असे सांगितले जाते. गाल बाजूने रेटला गेला तर चाप ओढल्यावर रायफल त्या रेट्याच्या दिशेने उसळते, आणि गोळ्यांचा पुंजका आडवा पसरतो. उलट गाल जेमतेम लागत असेल तर डोके हवेत तरंगते आणि त्याची जागा श्वासागणिक बदलते. दात आवळल्याने जबड्याचा स्नायू फुगतो व गालाची जाडी बदलते, म्हणून जबडा सैल, दात किंचित विलग आणि ओठ मिटलेले ठेवतात. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत घामाने गाल चीकपीसवरून घसरतो. गोळ्यांच्या दोन मालिकांमध्ये चेहरा व चीकपीस कोरडे पुसून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

गालाचा दाब सगळ्या गोळ्यांना सारखा असणे, हे तो नेमका किती आहे यापेक्षा महत्त्वाचे. थोडा जास्त दाब देणारा पण प्रत्येक वेळी तेवढाच देणारा नेमबाज साइट फिरवून आपली चूक भरून काढू शकतो. दर गोळीला निराळा दाब देणाऱ्याला साइटची कोणतीही जुळवणी उपयोगी पडत नाही.

तीन पवित्रे

५० मीटर रायफलीच्या त्रिपवित्रा प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने अशा तीन प्रकारे गोळ्या झाडाव्या लागतात. या तिन्हींत डोक्याचा प्रश्न वेगवेगळा आहे.

उभ्याच्या पवित्र्यात नवशिका मान पुढे ताणतो. रायफल खाली असते, डोळा वर असतो आणि मधले अंतर तो मानेने भरून काढतो. उपाय नेमका उलटा आहे. बटप्लेट खाली सरकवून रायफल वर घ्यायची, साइटखाली ठोकळे लावून त्या उंच करायच्या आणि चीकपीस डोळ्याच्या उंचीशी जुळवायचा. काही नेमबाज रायफल किंचित चेहऱ्याकडे कलती धरतात, म्हणजे डोके सरळ राहते. हे कलते धरणे दोष नव्हे. पण कल दर वेळी तेवढाच हवा, आणि साइटची फिरकी तेव्हा सरळ वर-खाली न सरकता तिरकी सरकते हे ध्यानात ठेवावे लागते.

पालथे पडण्याच्या पवित्र्यात शरीर आडवे असते आणि डोळ्याला समोर पाहायचे असते, त्यामुळे डोके काहीसे मागे उचलणे अटळ आहे. येथे पूर्ण सरळ मानेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. छाती किंचित उंच राहील अशा रीतीने कोपरांची मांडणी केली की मानेचा ताण कमी होतो. या पवित्र्यात स्लिंगमुळे रायफल अतिशय स्थिर असते, म्हणून तिच्यातील गुणांचा फरक बहुधा हात हलल्याने पडत नाही; तो डोके, श्वास आणि वारा यांनी पडतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून झाडण्याच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्यांचे गुण ६०० पैकी ५९७ होते.

राष्ट्रीय छात्र सेनेतील अनेक मराठी विद्यार्थ्यांची रायफलीशी पहिली ओळख याच पवित्र्यातून .२२ रायफलीवर होते. तेथे चीकपीस हलत नाही आणि स्वतःची रायफलही नसते. अशा वेळी गाल दस्त्याच्या कोणत्या भागाला लागला हे लक्षात ठेवून पुढच्या प्रत्येक गोळीला तो तेथेच आणणे एवढेच छात्राच्या हाती असते. गोळ्यांचा पुंजका लहान येण्यास ते बहुधा पुरेसे ठरते.

गुडघ्यावर बसण्याचा पवित्राही अवघड मानला जातो. डावी कोपर डाव्या गुडघ्यावर टेकलेली असते, धड पुढे झुकू पाहते आणि धडाबरोबर डोकेही जाते. डोके दस्त्यावर ओणवे झाले की भुवईखालून पाहणे आलेच. पायाखालची गुंडाळी, डाव्या पायाचे अंतर आणि बटप्लेटची उंची यांची जुळवणी करून धड उभे केले, तरच डोके सरळ होते; नुसते 'मान वर कर' असे सांगून काही होत नाही.

या तीन ठेवणी एकाच स्पर्धेत, मोजक्या वेळात, एकामागून एक शोधाव्या लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमधील या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिसपासून दूर शातोरू येथे झाल्या होत्या. अंतिम फेरीत गुडघ्यावरील गोळ्यांनंतर ते सहावे होते, पालथ्या पवित्र्यानंतर पाचवे आणि उभ्याच्या पवित्र्यात तिसऱ्या क्रमांकावर आले. शेवटचा आणि सर्वांत डळमळीत पवित्रा ज्याला साधतो त्यालाच हा प्रकार साधतो, असे म्हणतात ते अशा निकालांवरून. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेतून घडलेल्या कुसाळे यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्रिपवित्रा प्रकारात उतरल्या होत्या.

रायफलीची जुळवणी

जुन्या लाकडी दस्त्यांत गालाची जागा कोरलेली आणि कायमची असे. ज्याचा चेहरा त्या कोरीव भागाशी जुळला त्याचे नशीब चांगले. इतरांना कापड, फोम किंवा चामड्याचे तुकडे लावून काम भागवावे लागे. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अन्शुट्झ या जर्मन कंपन्यांच्या आताच्या अॅल्युमिनियम दस्त्यांत चीकपीस वर-खाली, आत-बाहेर करता येतो आणि तिरकाही वळवता येतो. जुळवणीचा क्रम ठरलेला आहे. आधी रायफलीशिवाय उभे राहून डोके नैसर्गिक ठेवावे, मग रायफल खांद्याला लावावी, बटप्लेट व साइटची उंची बसवावी आणि सर्वांत शेवटी चीकपीस गालापर्यंत आणावा. हा क्रम उलटला की नेमबाज आपला चेहरा रायफलीप्रमाणे वाकवू लागतो.

महाराष्ट्रातील बहुतेक मुले नेमबाजी शिकतात ती क्लबच्या सामाईक रायफलीवर, कारण स्पर्धेची आयात एअर रायफल सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. आधीच्या मुलाने आपल्या चेहऱ्याप्रमाणे लावलेला चीकपीस पुढच्या मुलाला तसाच मिळतो. संकोचापोटी किंवा वेळेअभावी तो बदलला जात नाही, आणि बारा-तेरा वर्षांचे मूल प्रौढाच्या मापाच्या दस्त्यावर मान ताणून नेम धरू लागते. ही सवय पुढे स्वतःची रायफल मिळाल्यावरही सुटत नाही. यावर उपाय खर्चाचा नाही. चीकपीस, बटप्लेट आणि साइट यांवरील मोजपट्टीचे आकडे प्रत्येक मुलाने वहीत लिहून ठेवावेत. मोजपट्टी नसेल तेथे रंगीत चिकटपट्टीची खूण करावी. दोन मिनिटांत रायफल आपली होते. ज्या केंद्रांत ही शिस्त असते तेथील मुलांचे पवित्रे पाहताक्षणी ओळखू येतात.

सराव

डोक्याची ठेवण तपासण्याची सर्वमान्य कसोटी डोळे मिटण्याची आहे. नेमबाज पवित्रा घेतो, गाल टेकवतो, डोळे मिटून दोन-तीन श्वास सोडतो आणि शरीर पूर्ण सैल करतो. मग डोळे उघडून काय दिसते ते पाहतो. पुढच्या साइटचे वर्तुळ मागच्या छिद्राच्या मध्यात असेल तर ठेवण बरोबर आहे. ते वर दिसत असेल तर डोळा उंच आहे, म्हणजे चीकपीस खाली घ्यायचा; डावीकडे दिसत असेल तर डोळा डावीकडे आहे. येथे मोह असा होतो की मान जराशी हलवून चित्र नीट करून घ्यावे. तसे केल्यास कसोटीचा हेतूच फसतो, कारण स्नायूंनी सुधारलेली जागा पुढच्या गोळीला स्नायू विसरतात.

गोळीविना चाप ओढण्याचा सराव घरीही करता येतो. पांढऱ्या भिंतीकडे नेम धरून केवळ वर्तुळांच्या समकेंद्रीपणाकडे लक्ष देतात, त्यामुळे निशाणाचा लोभ राहत नाही. मात्र रायफल रिकामी आहे याची खात्री आधी करणे बंधनकारक आहे.

चाप ओढल्यावर डोके लगेच उचलणे हा अगदी सार्वत्रिक दोष आहे. गोळी कोठे लागली हे पाहण्याची उत्सुकता त्यामागे असते, आणि हल्ली गुण शेजारच्या पडद्यावर तत्क्षणी दिसत असल्याने ती अधिकच वाढली आहे. छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच ही हालचाल सुरू झाली तर गोळी भरकटते. म्हणून गोळी सुटल्यानंतरही एक-दोन सेकंद गाल तेथेच ठेवून साइटमधून पाहत राहण्याची सवय लावली जाते.

ज्यांचा हात उजवा पण प्रबळ डोळा डावा असतो, ते नकळत डोके दस्त्यावरून पलीकडे झुकवतात. प्रशिक्षक अशांना आरंभीच डाव्या खांद्यावर रायफल घेण्यास सुचवतात किंवा न वापरावयाच्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावतात. एक डोळा मिटून धरणे टाळतात, कारण त्यामुळे चेहऱ्याचे स्नायू आवळले जातात.

नियम

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार गाल चीकपीसवर टेकवण्यास परवानगी आहे. टोपी घालता येते, पण ती मागच्या साइटला लागता कामा नये. तसे झाल्यास टोपी डोक्याला आधार देते. मागच्या साइटवर लावावयाची डोळ्यापुढील पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा उंच आणि छिद्राच्या मध्यापासून न वापरावयाच्या डोळ्याच्या बाजूला १०० मिलिमीटरपेक्षा लांब नसावी. उभ्याच्या पवित्र्यात स्लिंग वापरता येत नाही.

दिव्यांग नेमबाजी

चाकांच्या खुर्चीतून नेम धरणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत डोक्याच्या स्थितीचे महत्त्व वाढते. कमरेखालील व काहींच्या बाबतीत धडाच्या स्नायूंवर ताबा नसल्याने पायांनी तोल सावरण्याचा मार्ग बंद असतो. खुर्चीच्या पाठीची उंची खेळाडूच्या वर्गवारीप्रमाणे ठरते आणि उरलेला तोल धड, खांदे व डोके यांनीच सांभाळावा लागतो. डोके एका बाजूला कलले तर धडही त्यामागे जाते, आणि ते परत आणण्यास खालचे स्नायू नसतात. टोकियो व पॅरिस अशा लागोपाठच्या दोन पॅरालिंपिक स्पर्धांत १० मीटर एअर रायफलीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या राजस्थानच्या अवनी लेखरा यांना सुमा शिरूर यांचे मार्गदर्शन लाभले आहे. टोकियो येथेच पुरुषांच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर चौथे आले होते.